तेर : बैलगाडीच्या हिशोबानं सापडलेलं शहर

१. शहर गेलं कुठं?

तेरचं संग्रहालय बघून बाहेर पडणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो. आत काचेमागे रोमन धाटणीचे दिवे, शंखाच्या बांगड्या, काचेचे आणि अकीकाचे मणी, सातवाहन राजांची शिशाची नाणी, बोटाएवढ्या मातीच्या मूर्ती. बाहेर आलं की मराठवाड्यातलं नेहमीचं मोठं खेडं : नदी, देवळं, पार, किराणा दुकानं, उभ्या-आडव्या लावलेल्या मोटारसायकली. मग ते एवढं मोठं शहर गेलं कुठं? भूकंपात गाडलं गेलं? कुणी लुटलं? पुरात वाहून गेलं?

उत्तर ऐकून विचारणारा थोडा खट्टू होतो. शहर कुठंही गेलेलं नाही. लोक त्याच्यावरच राहतात. नाहीसं झालं ते त्याचं शहरपण, आणि ते का नाहीसं झालं हे कळायला गावापेक्षा गावावरून जाणाऱ्या वाटांकडे जास्त बघावं लागतं. हे प्रकरण खरं तर त्या वाटांचं आहे.

तेर धाराशिव जिल्ह्यात आहे. धाराशिव शहरापासून ईशान्येला सरळ रेषेत मोजलं तर वीसेक किलोमीटर. तेरणा नदी बालाघाटाच्या डोंगरात तेरखेड्याकडे उगम पावते, तेरवरून पुढे पूर्वेकडे सरकते आणि मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला मिळते. म्हणजे तेरच्या ओढ्यात पडलेला पावसाचा थेंब शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. माल मात्र एके काळी उलट दिशेनं, अरबी समुद्राकडे जात होता. तो का, हे पुढे येईल. आधी पायाखालची माती बघू.

२. काळी आणि पांढरी

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात जमिनीचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. ही वाटणी सोयीची आहेच, पण तिच्यामागे निसर्गाची सक्तीही आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले. त्यांचा झाला काळा दगड, बेसॉल्ट. तो ऊन-पावसानं झिजून जी माती झाली ती काळी कापसाची माती. ही माती पाणी पिते आणि फुगते, उन्हाळ्यात वाळते आणि आकसते. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. साठवलेल्या ओलीवर ज्वारी, तूर, कापूस येतो, कारण मातीनं धरलेलं पाणी ती सावकाश सोडते. पाऊस कमी पडणाऱ्या मुलखात ही मोठीच देणगी.

पण जी माती दरवर्षी फुगते आणि आकसते तिच्यावर भिंत उभी राहत नाही. पाया हलतो, भिंतीला तडे जातात. म्हणून माणसं घरासाठी काळं रान सोडून उंचवटा शोधतात. नदीकाठचा घट्ट उंचवटा मिळाला तर उत्तमच. पाणी जवळ आणि पूर खाली. अशा जागा फार नसतात. त्यामुळे एकदा मिळालेली जागा कुणी सोडत नाही. घर पडलं की त्याच जागी नवं उभं राहतं, आणि इथूनच जमीन वर चढायला लागते.

हिशोब करून बघा. समजा मातीच्या भिंतींचं, माळवदाचं घर चाळीस वर्षं टिकलं. ते पडलं तेव्हा मालकानं ढिगारा दूर नेला नाही, तिथंच सपाट करून त्यावर नवं जोतं घातलं. जमीन वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर वर आली. हजार वर्षांत असं पंचवीस वेळा झालं. २५ गुणिले २० म्हणजे ५०० सेंटिमीटर, पाच मीटर. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, कारण प्रत्यक्षात मधे वस्ती विरळ होते, आगी लागतात, पाऊस माती धुऊन नेतो. पण गावाचं टेकाड बनतं ते असंच. त्या टेकाडात पडक्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं असं सगळं मिसळतं आणि रंग फिका पडतो. ती पांढरी.

पांढरीला दोन गिऱ्हाइकं होती. माळवदावर दरवर्षी पावसाआधी तिचा थर टाकायचा, कारण ती पाणी झिरपू देत नाही. आणि शेतात टाकायची, कारण शेकडो वर्षांच्या राख-शेणानं ती खतासारखी झालेली असते. गाड्याच्या गाड्या उकरल्या गेल्या. उकरताना मणी निघाले, नाणी निघाली, मातीच्या बाहुल्या निघाल्या. पाऊस पडून गेला की उघड्या पडलेल्या कडेला मुलं मणी वेचत.

तेरमधले रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू हजारोंनी गोळा केल्या आणि जपल्या. सरकारी संग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. पुराणवस्तूंच्या संग्रहांमागे सहसा राजे, साहेब किंवा विद्यापीठं असतात; इथं गावातलाच माणूस आहे, ही गोष्ट मला त्या रोमन दिव्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

मात्र वेचलेल्या वस्तूची एक अडचण असते. ती ‘काय’ हे सांगते, ‘केव्हा’ हे सांगत नाही. टेकाडात सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना, वरचा सगळ्यात नवा. एखादा मणी कोणत्या थरात, कोणत्या नाण्याच्या शेजारी पडला होता हे माहीत असेल तरच त्याचं वय काढता येतं. हातात घेऊन आणलेल्या मण्याचा थर हरवलेला असतो. म्हणून रीतसर उत्खनन लागतं. तेरला ते १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केलं, आणि पुढे साठ-सत्तरच्या दशकांतही खणकाम झालं. थर लावून बघितल्यावर कळलं की इथली वस्ती इसवी सनाच्या काही शतकं आधीपासूनची आहे आणि तिची भरभराट सातवाहनांच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या आगेमागे दोनेक शतकांची आहे.

३. हे तगरच कशावरून?

आता थोडी गुप्तहेरगिरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक माणसानं हिंदी महासागरातल्या व्यापाराची एक हातपुस्तिका लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण माणूस व्यापारी असावा, कारण देवदेवतांपेक्षा त्याला बंदर, वारा, जकात आणि मालाची यादी यांत जास्त रस आहे. तो म्हणतो की बॅरिगाझा, म्हणजे आजचं भडोच, या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून अकीक येतो. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. हा सगळा माल गाड्यांवर लादून, मोठ्या बिनवाटेच्या मुलखातून भडोचला नेतात. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

पैठण आणि भडोच तर ठाऊक होते. तगर कुठं? एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी यावर मनसोक्त वाद घातला. कुणी दौलताबाद म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. शेवटी जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरचं नाव पुढे केलं आणि ते टिकलं. त्यांच्या युक्तिवादात शिलालेख-ताम्रपटांचा भाग बराच आहे. तो इथं नको. पण मुख्य पडताळा शाळेतल्या मुलालाही करता येतो. नकाशा आणि पट्टी घ्या.

भडोच ते पैठण, सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. पेरिप्लस सांगतो वीस दिवस. म्हणजे दिवसाला साडेसतरा किलोमीटर. वाट वाकडीतिकडी धरली, घाट आणि नद्यांचे उतार धरले, तर चाकाखालचं अंतर रोज वीस-बावीसच्या पुढं जाईल. भरलेल्या बैलगाडीसाठी हा वेग अगदी रास्त.

आता तोच वेग पैठणच्या पुढे लावा. दहा दिवसांत सरळ रेषेत दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर व्हायला हवेत. पैठण ते तेर किती? सुमारे दीडशे. दिशा आग्नेय आहे, नेमकी पूर्व नाही. पण ज्यानं ही माहिती बंदरात बसून गाडीवानांच्या तोंडून ऐकली त्याला एवढी सवलत द्यायला हरकत नसावी.

बाकीचे उमेदवार तपासा. दौलताबाद पैठणपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, तेही वायव्येला. तीन दिवसांत पोचणाऱ्या गावाला दहा दिवस कोण म्हणेल? जुन्नर पैठणच्या पश्चिमेला आहे. तिथं जायला गाडी उलटी वळवावी लागेल. धारूर दिशेनं बरं, पण अंतर कमी पडतं. शिवाय तेरमध्ये टेकाड आहे, त्या काळची नाणी आहेत, रोमन मालाच्या खुणा आहेत. आणि तगर–तेर हे नाव तर गावानं सोडलेलंच नाही.

४. जवळचं बंदर सोडून लांबचं का?

इथं चौकस वाचकाला शंका यायला हवी. तेरहून भडोच पैठणमार्गे पाचशे किलोमीटर. कल्याण सरळ रेषेत साडेतीनशेच्या आतच. कल्याण त्या काळीही बंदर होतं. मग व्यापाऱ्यांनी महिनाभर बैल का दमवले?

याचंही उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापारपेठ होती, पण आता तिथं फार अडथळे आहेत, असं लेखक सांगतो. ग्रीक जहाज चुकून तिथं लागलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. त्या काळात क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात पश्चिम किनाऱ्यासाठी रस्सीखेच चालू होती. भडोचकडच्या ज्या राजाचा पेरिप्लसमध्ये उल्लेख आहे तो बहुतेक अभ्यासकांच्या मते क्षत्रप नहपान. ज्याच्या हातात भडोच, त्याला जकात भडोचलाच गोळा करायची. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबी इथं १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला आहे. हरलेल्या राजाचा पैसा वितळवायचीही तसदी न घेता चलनात आणण्याचा हा प्रकार. तेव्हा कोष्ट्याच्या मागावर विणलेली मलमल कुठल्या वाटेनं जाईल हे अंतर ठरवत नव्हतं, नाकं कुणाच्या ताब्यात आहेत ते ठरवत होतं.

ऋतूचाही हिशोब होता. काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी चालत नाही; चाकं आसापर्यंत रुततात. दसऱ्याच्या सुमाराला वाटा वाळायला लागतात. तेव्हा निघालेली गाडी महिन्याभरानं भडोचला पोचली की कार्तिक उजाडतो. इजिप्तकडून जहाजं जुलैत सुटून नैर्ऋत्य वाऱ्यावर आलेली असत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतत. म्हणजे गाड्या आणि जहाजं यांची गाठ बरोबर पडते. यावरून एक अंदाज करता येतो : जहाजावर चढणारं कापड आदल्या हंगामाच्या कापसाचं असणार, आणि कातण-विणण्याचा मोठा भाग घरात बसून काढायच्या पावसाळ्यात उरकत असणार.

पेरिप्लसमधलं आणखी एक वाक्य सहज नजरेतून सुटतं. तगरमध्ये किनाऱ्याकडच्या प्रदेशांतून आलेला मालही मिळतो, असं तो म्हणतो. कुठला किनारा? पश्चिमेचा माल इथं आणून पुन्हा पश्चिमेला नेण्यात अर्थ नाही. तेव्हा तो पूर्वेचा, आंध्राकडचा असणार. तेरच्या मातीच्या मूर्ती आणि आजच्या तेलंगणातल्या कोंडापूरला मिळालेल्या मूर्ती यांच्यातलं साम्य अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. तेर म्हणजे नुसतं कापड विणणारं गाव नव्हे. पूर्व किनाऱ्याकडून आलेली वाट आणि पैठणकडे जाणारी वाट यांच्या सांध्यावर ते होतं. माल इथं उतरायचा, बदलायचा, पुन्हा चढायचा.

५. हस्तिदंती बाई

इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात दागिन्यांनी मढलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दोन्ही बाजूंना दासी, पायांत कड्यांची रांग. ती भारतातली होती यात शंकाच नव्हती. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं; आता यक्षी म्हणतात. तिच्यासारखीच, आकारानं लहान हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला तशाच एका मूर्तीचा तुकडा मिळाला. त्यामुळे पॉम्पेईची बाई दख्खनची असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. तेव्हा वाद मिटलेला नाही. मला स्वतःला तेर-भोकरदनच्या बाजूनं कौल द्यावासा वाटतो, पण मी मराठवाड्याच्या बाजूनं बोलणार हे उघड आहे.

६. तरंगणारी वीट

तेरच्या जुन्या देवळांबद्दल हमखास सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे इथल्या विटा पाण्यावर तरंगतात. ऐकणारा हसतो. पण गोष्ट खरी आहे. हेन्री कझेन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेरच्या देवळांवर लिहिताना तिची नोंद केली आहे.

चमत्कार यात काही नाही. पाण्याचं वजन लिटरला एक किलो. जी वस्तू तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा हलकी ती तरंगते. आजची साधी वीट लिटरमागे पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणून बुडते. तेरच्या कुंभारांनी मातीत भाताचं तूस भरपूर मिसळलं. भट्टीत तूस जळून गेलं आणि त्याच्या जागी हजारो बारीक पोकळ्या राहिल्या. वीट आकारानं मोठी पण वजनानं हलकी झाली. पाण्यात टाकली की पोकळ्यांतली हवा तिला उचलून धरते. बराच वेळ ठेवली तर पाणी आत शिरून तीही जड होईल, ही बाब मात्र सांगणारा सहसा गाळतो.

हलकी वीट कशासाठी? छतासाठी. त्रिविक्रम मंदिराचा गाभारा मागून अर्धगोल आहे आणि त्यावर कमानदार लांबट छत आहे. हत्ती मागून बघावा तसा हा आकार, म्हणून त्याला गजपृष्ठाकार म्हणतात. कार्ले-भाजे इथल्या डोंगरात कोरलेल्या चैत्यांचा आकार हाच. फरक एवढाच की ते खडक पोखरून केले आणि हे विटेवर वीट रचून. कोरलेलं चैत्य पडत नाही, रचलेलं पडतं. त्यामुळे विटांची अशी वास्तू छतासकट उभी असणं फार दुर्मीळ. आंध्रातलं चेजर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे दुसरं उदाहरण. तेरची वास्तू आधी बौद्ध चैत्य होती आणि मग विष्णूची झाली, की पहिल्यापासून देऊळच होती, यावर दोन मतं आहेत. तिचा काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकाचा धरतात. गावात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघालेले आहेत, तेव्हा दोन्ही पंथ इथं नांदत होते एवढं नक्की.

उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी कोरीव चौकटही बघण्यासारखी आहे. आपल्या हवेत, वाळवीच्या राज्यात, इतकं जुनं लाकूड टिकणं हे तरंगत्या विटेपेक्षा मोठं नवल आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

७. वाट हलली

शहर ओस पडण्याच्या गोष्टीत आपल्याला एखादी ठळक तारीख हवी असते. तेर ती देत नाही.

तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपली आणि रोमशी चालणारा व्यापार ओसरला. कापडाचं सगळ्यात श्रीमंत गिऱ्हाईक गेलं. पण गाव मेलं नाही. त्रिविक्रमाची वास्तू यानंतरची आहे. सातव्या शतकाच्या सुरुवातीला चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यानं दिलेल्या एका दानाच्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. पुढे ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत ‘तगरपुरवराधीश्वर’ असं लावत राहिले, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य कोकणात किंवा पंचगंगेकाठी, आणि मिरवायचं तगरचं नाव. ते इथं राज्य करत नव्हते. आपलं मूळ तिथलं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तोवर तगर हे राहण्यापेक्षा आठवण्याचं शहर होऊ लागलं असावं. अकराव्या शतकात मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत लिहिलेल्या ‘करकंडचरिउ’ या जैन काव्यात तेरापूर आणि त्याच्या जवळच्या लेण्यांची कथा येते. ही लेणी म्हणजे धाराशिवची.

दरम्यान सत्तेची ठाणी सरकत होती. उत्तर चालुक्यांची राजधानी कल्याणी झाली, आजचं बसवकल्याण. यादवांची देवगिरी झाली. नंतरच्या सुलतानी काळात परांडा आणि नळदुर्गचे किल्ले महत्त्वाचे ठरले. हमरस्त्याला बाह्यवळण झालं की जुन्या स्टँडसमोरची हॉटेलं वर्षभरात शटर ओढतात. गाव तिथंच असतं, शेती तीच असते, फक्त थांबणारी माणसं दुसरीकडे थांबायला लागतात. तेरचं असंच झालं, फरक इतकाच की त्याला काही शतकं लागली. सैन्य, जकात आणि व्यापारी ज्या वाटेनं जायला लागले त्या वाटेवर तेर नव्हतं.

एकदा वाट परत आली होती, तीही रुळांवरून. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे पोचली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी अरुंद मार्ग सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं तो उभा केला. १९११ पर्यंत गाडी लातूरला पोचली आणि तेरच्या शेजारून जायला लागली. पण तोवर कापसाची आणि धान्याची आडत बार्शीला बसलेली होती, पुढे लातूरला बसली. तेरला मिळालं ते मधलं स्टेशन. त्यातून हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. मधे हद्द होती. पहिल्या शतकात कल्याणच्या वाटेवर जे अडलं होतं त्याची आठवण यावी अशी ही मांडणी. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, अरुंद रूळही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाले, पण बाजारपेठा तोवर ठरून गेलेल्या होत्या.

८. गोरोबाकाकांचं गाव

वारकऱ्यांना यातलं काही सांगायला गेलात तर ते ऐकून घेतील आणि म्हणतील, ते असू द्या, काकांचं दर्शन झालं का? त्यांच्यासाठी तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. शेजारच्या ढोकीसकट तेरढोकी. ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन असलेले गोरोबाकाका संतमंडळींत वयानं वडील. त्यांनी थापटण्यानं एकेकाच्या डोक्यावर थाप मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पारखलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात यात्रा भरते.

इतिहासाच्या पुस्तकात ही माहिती पुरवणीसारखी येते, ते मला पटत नाही. व्यापार गेल्यावर हजारभर वर्षं या गावाला नकाशावर ठेवलं ते समाधीनं आणि देवळांनी. वर्षातून एकदा का होईना, चहूकडच्या वाटा पुन्हा तेरकडे वळतात, आणि यात्रेबरोबर बाजारही भरतोच.

९. भूकंप, माळवद आणि जेसीबी

सुरुवातीच्या शंकांपैकी एकीचं उत्तर राहिलं : भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारी तेरणेच्याच खोऱ्यात, तेरपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर खाली. त्यानंतर भूशास्त्रज्ञांनी तेरजवळच्या नदीकाठचे थरही तपासले आणि सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी इथं मोठा धक्का बसला असावा असा निष्कर्ष मांडला. मग शहर त्यानंच गेलं का? तसं वाटत नाही. व्यापार त्याच्या आधीच ओसरला होता आणि वस्ती त्याच्या नंतरही चालू राहिली.

१९९३ नं बदललं ते वेगळंच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर मणामणानं माती घातलेलं माळवद, हेच त्या रात्री लोकांच्या अंगावर आलं. या सगळ्या पट्ट्यात माणसांनी माळवदाची धास्ती घेतली. पत्रे आले, मग स्लॅब आले. माळवद गेलं तसं पांढरीचं एक गिऱ्हाईक गेलं. टेकाड उकरणं कमी व्हायला यानं मदतच झाली असणार.

पण स्लॅबच्या घराची रीत वेगळी आहे. मातीचं घर जुन्या थरावर बसायचं. कॉलमचं घर पाच-सहा फूट खाली उतरतं. तेरसारख्या गावठाणात पाच-सहा फूट म्हणजे काही शतकं. खड्डा जेसीबी तासाभरात घेतो आणि निघालेली माती ट्रॉलीत भरून बाहेर जाते, थरासकट. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका खापरी दिव्याची किंमत दहा रुपयांच्या वर भरते की खाली, हे ठरेपर्यंत ट्रॉली रस्त्याला लागलेली असते.